शेवटच्या रांगेतून

"बाई, माझा पासवर्ड चुकतोय."

आठवी ब चा त्या वर्षीचा पहिला संगणकाचा तास. शेवटच्या रांगेतली मुलगी दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होती. शेजारचा म्हणाला, "माझाही, बाई." मग त्याच्या शेजारची. पाच मिनिटांत शेवटच्या रांगेतली सातही यंत्रं 'लॉगिन चुकीचं' असं सांगू लागली. पासवर्ड मीच छापून, कात्रीनं पट्ट्या कापून वाटले होते. पुढच्या दोन रांगांतली पंधरा यंत्रं तशाच पट्ट्यांवर उघडली होती आणि तिथली मुलं चित्रं रंगवू लागली होती. मी तिच्या हातातली पट्टी घेतली आणि एकेक अक्षर बघून टाकलं. चुकीचं. पुन्हा टाकलं. चुकीचं.

आमचा तास ३५ मिनिटांचा, आणि एका तुकडीला आठवड्यातून एकदाच. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी संगणक नाही. त्यामुळे त्या ३५ मिनिटांत की-बोर्डवर बोटं पडली तर पडली, नाहीतर पुढच्या आठवड्यापर्यंत वाट बघायची. मी शेवटच्या रांगेतल्या मुलांना पुढच्यांच्या शेजारी दाटीनं बसवलं. घंटा झाली. ती मुलगी पट्टीची घडी घालून कंपासपेटीत ठेवत म्हणाली, "पुढच्या तासाला होईल ना, बाई?"

मी हो म्हटलं, पण कशाच्या भरवशावर म्हटलं ते मला ठाऊक नव्हतं. कारण आदल्याच संध्याकाळी मी सर्व्हरची सगळी तपासणी केली होती आणि तिचा निकाल शंभर टक्के होता.

ही गोष्ट २०१८ सालच्या जूनमधली. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित हायस्कुलात मी संगणक शिकवते. लॅबमध्ये २२ यंत्रं होती, वेगवेगळ्या वर्षी मिळालेली. प्रत्येक यंत्र स्वतंत्र, त्यामुळे मुलाची फाइल ज्या यंत्रावर, त्याच यंत्रावर त्याला बसावं लागे. ते बिघडलं की वर्षभराचं काम गेलं. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि आमचा एक माजी विद्यार्थी, जो पुण्याला नोकरी करतो, अशा दोघांनी मिळून डेबियन एज्यु बसवायचं ठरवलं. शाळांसाठीच बांधलेली ही लिनक्स प्रणाली. तिची सुरुवात २००१ साली नॉर्वेत 'स्कूलेलिनक्स' या नावानं झाली. एक मुख्य सर्व्हर बसवला की मुलांची खाती, त्यांच्या फाइली, छपाई, पत्त्यांचं वाटप, सगळं तो एकटा सांभाळतो. मूल कुठल्याही यंत्रावर बसलं तरी त्याचं दप्तर त्याच्यासमोर उघडतं. मुख्य सर्व्हरचं नाव आजही 'त्येनर' असंच असतं. नॉर्वेजियन भाषेत या शब्दाचा अर्थ सेवक, आणि सर्व्हरही. मुख्याध्यापक सरांनी एकच विचारलं, "खर्च किती?" प्रणाली फुकट, तिची नक्कल करून वाटायची मुभाही आहे, आणि केरळात सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअरवरच मुलं संगणक शिकतात, असं मी सांगितलं. सर म्हणाले, "मग करा, मॅडम. मुलांचा तास बुडू देऊ नका म्हणजे झालं."

या प्रणालीसोबत एक टेस्ट स्क्रिप्ट येते. सर्व्हरवर बसून ती चालवली की ती एकेक सेवेचं दार वाजवून बघते. नावांवरून पत्ते सांगणारी वही उत्तर देते का, खात्यांची यादी उघडते का, छपाईची रांग जिवंत आहे का, वेब सर्व्हर पान दाखवतो का. प्रत्येक ओळीच्या आरंभी 'सक्सेस' नाहीतर 'एरर' असा शेरा येतो. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी मी ती चालवली, तेव्हा पडद्यावर वरपासून खालपर्यंत सक्सेसच होतं. त्याच संध्याकाळी शेवटच्या रांगेतल्या सात यंत्रांच्या केबली जोडून झाल्या होत्या. उशीर झाला होता, शाळेच्या शिपाई मामांना लॅबला कुलूप लावायचं होतं. ती सात यंत्रं मी सुरू करून पाहिली नाहीत.

शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या जागेवर जाऊन बसले. सर्व्हरच्या खोलीत जायचं नाही, जिथे अडलं तिथूनच बघायचं, एवढं मनाशी ठरवलं होतं.

पासवर्ड बरोबर असून लॉगिन का नाकारलं जातं? आमच्या जाळ्यात ओळख पटवण्याचं काम कर्बेरॉस नावाची सेवा करते. मुलांना मी ती हॉल तिकिटाची उपमा देऊन सांगते. परीक्षेच्या दारावर एकदा ओळख दाखवली की तिकीट मिळतं, मग प्रत्येक पेपरला पुन्हा दाखला मागत नाहीत. पण हे तिकीट घ्यायला यंत्रानं आधी सर्व्हरपर्यंत पोचायला हवं. पोचायला सर्व्हरचं नाव कुणीतरी आकड्यांच्या पत्त्यात बदलून द्यायला हवं. ते विचारायला यंत्राला स्वतःचा पत्ता हवा, आणि पत्ता मिळायला केबल धड हवी. म्हणजे 'पासवर्ड चुकतोय' ही तक्रार पाचव्या मजल्यावरची, आणि दोष खाली कुठल्याही मजल्यावर असू शकतो. मी तळापासून सुरू केलं. केबलच्या तोंडाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. यंत्राचा पत्ता काढला, तर तो १९२.१६८.१ ने सुरू होणारा निघाला.

आमच्या सर्व्हरचा पत्ता १०.०.२.२. तो जे पत्ते वाटतो ते सगळे १० ने सुरू होतात. हा पत्ता त्यानं दिलेलाच नव्हता. शाळेत दुसरंच कोणीतरी पत्ते वाटत होतं.

यंत्र सुरू झालं की ते जाळ्यात ओरडून विचारतं, 'मला पत्ता कोण देतं?' जो पहिला देऊ करतो, साधारण त्याचा ते घेतं. खरं कोण, परकं कोण, हे ओळखायचा कुठलाच मार्ग त्याच्यापाशी नसतो. परक्यानं पत्ता दिला, सोबत नावं विचारायचं ठिकाणही स्वतःचंच दिलं. त्या ठिकाणाला आमच्या सर्व्हरचं नाव माहीत असायचं कारणच नव्हतं. यंत्राला कर्बेरॉस सापडला नाही, आणि मुलीला पडद्यावर फक्त लॉगिन चुकीचं एवढं दिसलं. तिला वाटलं, आपलं चुकलं. मला याचंच सगळ्यात वाईट वाटलं. पहिल्यांदा संगणकाला हात लावणारं मूल यंत्राच्या प्रत्येक नकाराचा दोष स्वतःकडे घेतं.

आता तो परका शोधायचा. मी शेवटच्या रांगेतल्या यंत्रावरून परक्याच्या १९२.१६८.१.१ या पत्त्याला सतत पिंग लावून ठेवलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक. दर सेकंदाला एक ओळ उमटत होती. मामांना सगळ्या केबली जिथे येतात त्या स्विचपाशी उभं केलं आणि सांगितलं, एकेक केबल काढा, तीन मोजा, परत लावा. मामा मोठ्यानं मोजत होते. "एक झाली, मॅडम. थांबलं का?" "नाही मामा, पुढची." "दोन झाली. थांबलं का?" असं करत करत सतराव्या केबलला पडद्यावरच्या ओळी थांबल्या. मामांनी ती केबल हातात धरली आणि भिंतीकडेनं, खिडकीच्या चौकटीवरून, पट्टीखालून तिचा माग काढत निघाले. केबल थेट कार्यालयात गेली.

कार्यालयात सुट्टी संपता संपता ब्रॉडबँडची नवी जोडणी आली होती. प्रवेशाचे दिवस, अर्ज ऑनलाइन भरायचे, आणि दोन टेबलं खोलीच्या दोन टोकांना. लिपिक भाऊसाहेबांनी राऊटरमधून एक केबल भिंतीतल्या खोबणीत लावली होती, आणि पलीकडच्या टेबलावरचा संगणक दुसऱ्या खोबणीत. दोन्हीकडे इंटरनेट सुरू झालं. त्या खोबणी लॅबच्या स्विचला जातात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. पाच तोंडांचा एक छोटा स्विच आणून कार्यालयाचं जाळं वेगळं केलं. शेवटच्या रांगेतली यंत्रं बंद करून सुरू केली. सातही आत गेली.

तरी एक प्रश्न मला झोपू देईना. सातच का? सर्व्हर आमचा ताकदीचा, तो राऊटर तळहाताएवढा. मग तो आधी उत्तर कसं देत होता? सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. त्या सात यंत्रांना पत्ता देऊ केल्याच्या ओळी होत्या, तो पक्का झाल्याच्या ओळी नव्हत्या. उत्तर पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या माहितीपत्रकात मिळालं. नव्या यंत्राला पत्ता देण्याआधी आमचा सर्व्हर त्या पत्त्यावर आधीच कोणी बसलेलं नाही ना, हे हाक मारून बघतो आणि त्यासाठी एक सेकंद थांबतो. राऊटर असं काही बघत नव्हता, त्याचं उत्तर आधी पोचत होतं. पुढच्या पंधरा यंत्रांनी आठवडाभर आधीच पत्ते घेतलेले होते. ती जुनाच पत्ता मागत होती आणि सर्व्हर तो लगेच देत होता. मागची सात नवी होती, म्हणून ती अडकली.

ही उकल झाली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. टेस्ट स्क्रिप्ट खोटं बोलली नव्हती. तिनं सर्व्हरला विचारलं, सर्व्हर म्हणाला मी ठीक आहे, आणि तो ठीकच होता. पण सर्व्हरवरून सर्व्हरला हाक मारली तर ती हाक केबलमधून जातच नाही, स्विच, भिंत, खोबण यांतलं काहीच तिच्या वाटेत येत नाही. मुलीच्या बोटापासून सर्व्हरपर्यंतचा रस्ता मी तपासलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर 'लॅब तपासणी' असं लिहिलं. नियम एकच ठेवला. तपासणी शेवटच्या रांगेतून करायची, आणि माझ्या खात्यानं न करता मुलाला असतात तेवढेच अधिकार असलेल्या खात्यानं करायची. 'चाचणी' नावाचा एक विद्यार्थी पटावर नसलेला, पण सर्व्हरवर असलेला. त्यानं आत यायचं, चार ओळींची फाइल लिहायची, बाहेर पडायचं, पहिल्या रांगेतल्या यंत्रावर जाऊन तीच फाइल उघडायची, छापायची. हे झालं तर त्यामागची सगळी साखळी सांधलेली आहे असं समजायचं. अडलं तर मात्र वरून खाली शोधत बसायचं नाही. केबल, पत्ता, नाव, वेळ, ओळख, फाइल, याच क्रमानं तळापासून वर यायचं.

त्यातल्या वेळेबद्दल सांगायला हवं, कारण तिचा संशय कोणालाच येत नाही. एका यंत्रावर सकाळी लॉगिन होत नसे आणि थोड्या वेळानं आपोआप होई. मुलं म्हणायची, ते यंत्र उशिरा उठतं. कर्बेरॉसचा दंडक असा, की यंत्राच्या आणि सर्व्हरच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर तिकीट मिळणार नाही. कोणी जुनं तिकीट चोरून नंतर वापरू नये यासाठी ही खबरदारी. त्या यंत्रातला बटणासारखा सेल संपला होता. रात्री मेन स्विच बंद झाला की त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जाई. सकाळी ते सर्व्हरला वेळ विचारून घेई खरं, पण ती जुळेपर्यंत मुलाला दाराबाहेर उभं राहावं लागे. गावातल्या घड्याळवाल्याकडे तोच सेल मिळाला. तेव्हापासून वहीत प्रत्येक यंत्राच्या सेलची तारीख आहे.

मग एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, बावीस मुलांना थांबवून घेतलं. एकेका यंत्रावर लॉगिनला ११ सेकंद लागत होते. पण मुलं एकेकटी येत नाहीत. घंटा होते आणि सगळी एकदम बसतात. म्हणून घंटाच वाजवायची ठरवली. मामांनी बाहेर टोल दिला, बावीस बोटं एकदम पडली, आणि मी मोबाइलवर वेळ मोजू लागले. शेवटचा पडदा उघडायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. मुलांना वाटलं, शर्यत होती. ज्याचं उशिरा उघडलं तो पोरगा हिरमुसला.

सर्व्हरची मेमरी बघितली, निम्मी मोकळी. प्रोसेसर निवांत. मग जाळ्याचा वेग विचारला, तर सर्व्हर आणि स्विच एकमेकांशी १०० मेगाबिटनं बोलत होते. दोघांची कुवत १००० ची. सगळ्या मुलांच्या फाइली त्या एका केबलनं जातात, आणि तीच अरुंद झाली होती. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० ला दोन पुरतात, १००० ला चारही लागतात. १०० ला न लागणारी एखादी जोडी तुटली तर जोडणी बंद पडत नाही, मुकाट्यानं हळू होते. दिवा हिरवाच राहतो, टेस्ट स्क्रिप्टही सक्सेस म्हणते. मी ते टोक खिडकीतल्या उजेडात धरलं. पारदर्शक जॅकमध्ये आठ तारा, आणि त्यांतली तपकिरी केसभर मागे राहिलेली, पितळी पात्याला न टेकलेली. तो जॅक मीच मे महिन्यात दाबला होता. टोक कापलं, तारा नखानं सरळ केल्या, क्रम लावला, आठही टोकं जॅकच्या भिंतीला टेकलेली बघूनच क्रिम्पर दाबला. पुन्हा टोल. या वेळी शेवटचा पडदा ३८ सेकंदांत उघडला.

दर तासाला मिनिटाहून जास्त वेळ वाचला. ऐकायला थोडा वाटतो. पण ३५ मिनिटांतून हजेरी, बसणं, उठणं वजा करा, मग तो केवढा असतो ते शिकवणाऱ्याला कळेल.

वीज गेली-आली की काय होतं, बॅकअपमधली फाइल खरंच परत येते का, हेही वहीत आहे. त्यात सांगण्यासारखं एवढंच, की यूपीएसवर सर्व्हर होता आणि स्विच नव्हता. मामांनी जागा करून तोही बसवला. बॅकअपचं म्हणाल, तर दर महिन्याला 'चाचणी'ची एक फाइल मी मुद्दाम पुसते आणि परत मिळवते. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी कोणत्याही मुलाचं काम सोडणार नाही.

यादीत सगळ्यात मोलाची भर घातली ती मात्र त्या पट्टीवाल्या मुलीनं. जुलैत मी निबंध टाइप करायला दिला होता. तिनं तो पूर्ण केला, आणि जतन होईना. मी यादीप्रमाणे केबल, पत्ता, नाव, वेळ, सगळं बघितलं, सगळं ठीक. जागाही भरपूर. मग तिनं फाइलला काय नाव दिलंय ते वाचलं. 'पावसाळ्याच्या पहिल्या दिवशी आमच्या गावातल्या ओढ्याला पूर आला तेव्हा मी आणि माझी आजी पुलाच्या अलीकडे थांबलो होतो.' निबंधाचं पहिलं वाक्यच तिनं नाव म्हणून दिलं होतं.

सर्व्हरवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. शिवाय 'ळ्या' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत ते ळ, हलन्त, य आणि काना अशा चार खुणांचं असतं, म्हणजे १२ बाइट. इंग्रजी मुलाला नावात २५५ अक्षरं मिळतात, आमच्या मुलीला काना-मात्रे धरून ८५ खुणा. तिच्या नावाचे मी बाइट मोजले, ३०१ भरले. पडद्यावर आलेली सूचना इंग्रजीत होती, आणि तिला पुन्हा वाटलं होतं की आपलंच काहीतरी चुकलं. मी तिला शेजारी बसवून कागदावर ळ्या फोडून दाखवला. ती म्हणाली, "मग आजीला ठेवते, पूल काढते." फाइलचं नाव 'मी आणि माझी आजी' झालं.

ही चाचणी मला कधी सुचली नसती. तेव्हापासून 'चाचणी' विद्यार्थी मराठीत लिहितो, मराठी नावानं जतन करतो, आणि छापायच्या पानावर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'ज्ञानेश्वर', 'क्षत्रिय' हे शब्द असतात. नुसत्या इंग्रजी पानावर छपाई चालते म्हणणं आमच्या शाळेपुरतं अपुरं आहे.

त्या वर्षापासून दर सोमवारी परिपाठाआधी आठवीची दोन मुलं ही तपासणी करतात. आधी मी जवळ उभी राहत असे. आता त्यांनी यादी पुरी करून वही टेबलावर आणून ठेवली की मी सही करते. मुलं दरवर्षी बदलतात. जुनी जोडी नवीला एक सोमवार शिकवते. वेळेचा आकडा लिहिताना ती सेकंदही गाळत नाहीत.

माझ्यासारखं काम करणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. तुमच्या लॅबचा सर्व्हर कुठल्याही प्रणालीवर असो, तास सुरू व्हायच्या आधी एकदा शेवटच्या बाकावर बसा, मुलाच्या खात्यानं आत जा, आणि एक मराठी वाक्य लिहून ते दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. दहा मिनिटं लागतात.

वही आता तिसरी आहे. या सोमवारची नोंद अशी आहे: '२२ पैकी २१ चालू. यंत्र १९ चा पत्ता आला नाही, केबल बदलली, तरी नाही. मामांना सांगितलं.' मामांनी ते यंत्र काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलं आहे.